नाशिक–कल्याण लोकल: खरा अडथळा घाटाचा की मार्गिकांचा?

लहवीतकर

नमस्कार मंडळी,

नाशिक–कल्याण थेट लोकल सुरू व्हावी, ही मागणी जिल्ह्यात अनेक वर्षांपासून होत आहे. मुंबईची लोकल कसाऱ्यापर्यंत, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून १२१ किलोमीटरपर्यंत येते आणि तेथून नाशिकरोड अवघे ६६ किलोमीटर उरते. पण तेवढ्यासाठी प्रवाशाला एक तर कसाऱ्याला उतरून शेअर टॅक्सी किंवा एसटी धरावी लागते, नाही तर लांबून भरून आलेल्या गाडीत उभे राहण्यापुरती जागा शोधावी लागते. नोकरदारांनी आपली मानावी अशी पंचवटी एक्सप्रेस १ नोव्हेंबर १९७५ पासून धावते आहे आणि पासधारकांची सारी भिस्त अजून तिच्यावरच आहे. मनमाडहून सुटणारी राज्यराणी जानेवारी २०२० मध्ये नांदेडपर्यंत नेण्यात आली. मराठवाड्याला गाडी मिळाली याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. परंतु त्या बदल्यात नाशिक जिल्ह्यातून सुटणारी नवी गाडी दिली गेली असती, तर पासधारकांवर आजची वेळ आली नसती.

थेट लोकलचा विषय निघाला की उत्तर ठरलेले असते : कसारा ते इगतपुरी हा घाट चढायला लोकल समर्थ नाही. १० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबई–शिर्डी वंदे भारत सुरू झाली आणि ती मागून इंजिन न लावता हाच घाट चढू लागली, तेव्हापासून हे उत्तर मला अपुरे वाटते. एक गाडी चढू शकते, तर दुसरी का नाही? आणि घाट हे खरे कारण नसेल, तर खरे कारण कोणते?

या विषयाची प्रत्यक्ष माहिती असणाऱ्यांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. लोकप्रतिनिधींची उणीदुणी काढण्यासाठी हा धागा नाही. आम्हा प्रवाशांना नेमके काय मागावे आणि ते कोणाकडे मागावे, हे समजून घ्यायचे आहे.

---

सेक्शन कंट्रोल

मी गाड्यांच्या परिचालनाशी संबंधित कामात बराच काळ होतो, म्हणून आपल्या प्रश्नाचा पहिला भाग आधी घेतो.

कसारा ते इगतपुरी हा मार्ग १८६५ मध्ये खुला झाला आणि त्याचा चढ १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर गाडी १ मीटर वर चढते. इतक्या चढावर गाडीच्या प्रत्येक टनामागे सुमारे २७ किलोग्रॅम इतकी ओढ केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध लागते. चाकांचे घर्षण आणि वळणांचा विरोध वेगळा. त्यामुळे नेहमीच्या गाड्यांना कसाऱ्याला मागून बँकर इंजिने लावली जातात आणि इगतपुरीला ती सोडवली जातात. बाहेरच्या माणसाला चढाची भीती वाटते. परिचालनाच्या दृष्टीने उताराची काळजी अधिक असते. उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक इगतपुरीला तपासल्याशिवाय तिला पुढे सोडत नाहीत, वेगावर कडक मर्यादा असते आणि ताबा सुटलाच तर गाडी मुख्य मार्गावरून बाजूच्या चढत्या फाट्यावर वळावी म्हणून घाटात कॅच साइडिंग ठेवलेल्या आहेत.

आता वंदे भारत आणि लोकल यांतील फरक पाहा. १६ डब्यांच्या वंदे भारतमध्ये निम्मे डबे मोटारीचे, म्हणजे स्वतः गाडी ओढणारे, असतात. बारा डब्यांच्या नेहमीच्या लोकलमध्ये ४ डबे मोटारीचे, म्हणजे एक तृतीयांश. त्याहून महत्त्वाची गोष्ट ब्रेकची आहे. घाटात गाडी काही कारणाने थांबली, तर ती केवळ हवेच्या दाबावर फार वेळ धरून ठेवता येत नाही, कारण दाब हळूहळू गळत जातो. त्यासाठी दाब गेला तरी स्प्रिंगच्या जोराने चाक धरून ठेवणारे पार्किंग ब्रेक पुरेशा संख्येने असावे लागतात, आणि खच्चून भरलेल्या गाडीच्या वजनाला ते पुरतात हे चाचण्यांतून सिद्ध करावे लागते. मुंबईत सपाटीवर धावण्यासाठी बांधलेला रेक (डब्यांचा जोडलेला पूर्ण संच) जसाच्या तसा घाटात पाठवता येणार नाही, एवढाच याचा अर्थ. घाटासाठी योग्य रेक बांधणे आजच्या तंत्राला अशक्य नाही. विजेचा प्रश्न तर केव्हाच सुटला आहे : पूर्वी मुंबईकडे १,५०० व्होल्ट डीसी आणि पलीकडे २५,००० व्होल्ट एसी अशी विभागणी होती, ती मुंबईच्या मुख्य मार्गावरील रूपांतर २०१५ मध्ये पूर्ण झाल्यावर संपली.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की घाट हा अडथळा खरा असला तरी तो सर्वांत मोठा नाही. सर्वांत मोठा अडथळा घाटाच्या दोन्ही बाजूंना आहे आणि तो मार्गिकांचा आहे.

कल्याण ते कसारा या दोन मार्गिकांवर कसारा–आसनगाव–टिटवाळ्याच्या लोकल, उत्तर भारत, विदर्भ आणि मराठवाड्याकडे जाणाऱ्या गाड्या आणि मालगाड्या एकामागून एक धावतात. तिसऱ्या मार्गिकेला मंजुरी मिळून बराच काळ लोटला. भूसंपादनाने ते काम रेंगाळत ठेवले. घाटात तीन मार्गिका आहेत, पण वर गेलेली बँकर इंजिने पुन्हा कसाऱ्याला खाली आणावी लागतात आणि ती रिकामी इंजिनेही एका गाडीइतकाच मार्ग अडवतात. इगतपुरीच्या पुढे मनमाडपर्यंत पुन्हा दोनच मार्गिका आहेत.

या दोन मार्गिकांवर थांबत जाणारी गाडी चालवणे किती अवघड असते, ते एका उदाहरणावरून कळेल. इगतपुरी ते नाशिकरोड अंतर ५१ किलोमीटर आणि मध्ये घोटी, पाडळी, अस्वली, लहवीत, देवळाली ही पाच स्थानके. सगळीकडे थांबणाऱ्या गाडीला तासाच्या आसपास वेळ लागतो, तर न थांबणारी एक्सप्रेस तेच अंतर साधारण ४० मिनिटांत कापते. थांबत जाणारी गाडी सुटल्यावर वीस मिनिटांच्या आत एक्सप्रेस सुटली, तर ती नाशिकरोडच्या अलीकडेच तिला गाठणार हे उघड आहे; मग थांबत जाणाऱ्या गाडीला कुठेतरी लूपला, म्हणजे स्थानकातल्या बाजूच्या रुळावर, घेऊन उभे करावे लागते. त्यात इगतपुरी–भुसावळ मार्गावर वेगमर्यादा ताशी १३० किलोमीटरपर्यंत वाढवली गेली आहे. वेग वाढणे चांगलेच आहे, पण एकाच रुळावर जलद आणि संथ गाड्यांच्या वेगातील तफावत जितकी वाढते, तितक्या कमी गाड्या त्या रुळावर बसतात. नियंत्रकाला अशा वेळी कोणाला तरी थांबवावेच लागते, आणि थांबवले जाते ते नेहमी छोट्या गाडीला. त्यात नियंत्रकाचा दोष नाही. वेळापत्रकाने त्याच्यासमोर दुसरा पर्यायच ठेवलेला नसतो.

---

घोटीकर

वरील प्रतिसाद फार उपयुक्त आहे. त्याला मी दुसऱ्या बाजूने जोड देतो.

'नाशिक–कल्याण लोकल' या शब्दांनी आमचे एक नुकसान केले आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. सगळी चर्चा मुंबईला जाणाऱ्या माणसाभोवती फिरते. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात रोज ये-जा करणाऱ्यांचा विचार त्यात कुठेच येत नाही. इगतपुरी आणि घोटीहून नाशिकच्या महाविद्यालयांत जाणारी मुले, नाशिकरोडच्या मुद्रणालयांत आणि एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला जाणारे कामगार, निफाड–लासलगावकडून शहरात रुग्णालयासाठी येणारी माणसे, वाडीवऱ्हे–गोंदे पट्ट्यातील कारखान्यांत दोन्ही बाजूंनी येणारे मजूर; या कोणालाही कल्याण गाठायचे नसते. त्यांना इगतपुरी ते मनमाड या पट्ट्यात सकाळी आणि संध्याकाळी, वेळेवर येणाऱ्या आणि प्रत्येक स्थानकावर थांबणाऱ्या गाड्या हव्या आहेत. या पट्ट्यात १:३७ चा चढ नाही, बँकर नाहीत, खास ब्रेकच्या चाचण्या नाहीत. मग घाटाचे कारण येथे कसे लागू पडते?

२०२० पर्यंत आमच्याकडे मुंबई–भुसावळ पॅसेंजर होती, देवळाली–भुसावळ शटल होती. टाळेबंदीनंतर पॅसेंजर गाड्यांचा जुना संच पुन्हा कधी उभा राहिला नाही. जानेवारी २०२२ मध्ये इगतपुरी–भुसावळ मेमू (वेगळे इंजिन नसलेली, विजेवर धावणारी स्थानिक गाडी) सुरू झाली, तिचे आम्ही स्वागतच केले, कारण मेमू लवकर वेग घेते, लवकर थांबते आणि तिला टोकाला इंजिन फिरवावे लागत नाही. पण एक मेमू म्हणजे सेवा नव्हे. सकाळची गाडी चुकली की पुढे पुन्हा रस्ताच. त्या काळात अशा गाड्यांना एक्सप्रेसचे भाडे लावल्याने किमान तिकीट १० रुपयांवरून ३० रुपयांवर गेले होते आणि ते २०२४ मध्ये पूर्ववत झाले. मधल्या काळात घोटी–नाशिक प्रवास करणाऱ्या कित्येक कुटुंबांनी कर्ज काढून दुचाकी घेतली. तो प्रवासी आता महामार्गावर आहे, आणि अमुक स्थानकावर पुरेसे उत्पन्न नाही म्हणून थांबा देता येत नाही, असे जेव्हा सांगितले जाते तेव्हा हा प्रवासी त्या हिशेबात दिसतच नाही. गाडी नाही म्हणून प्रवासी नाही आणि प्रवासी नाही म्हणून गाडी नाही, यातून बाहेर पडायचे तर पहिले पाऊल रेल्वेनेच टाकायला हवे.

फलाटांबद्दलही थोडे लिहितो. मुंबईच्या लोकलला डब्याच्या दाराशी येणारा उंच फलाट लागतो, कारण तिला पायऱ्या नसतात. आमच्या छोट्या स्थानकांवर वृद्ध माणसाला किंवा कडेवर मूल असलेल्या बाईला गाडीत चढताना दोघांचा हात धरावा लागतो. मेमूला पायऱ्या असल्याने ती अशा ठिकाणी थांबू शकते, पण चढण्या-उतरण्यात जो वेळ जातो तो प्रत्येक थांब्यावर साचत जातो आणि सेक्शन कंट्रोल यांनी दिलेले तासाचे गणित त्यामुळेच बिघडते. फलाट उंच करणे हे बोगदा खोदण्याइतके मोठे काम नाही. पण प्रवाशाला त्याचा फरक पहिल्या दिवसापासून जाणवेल.

---

गंगापूर रोड

दोन्ही प्रतिसादांशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, मात्र थेट सेवेची मागणी सोडून द्यावी, असा त्यातून अर्थ निघू नये. माझ्या मते खरी अडचण रुळांच्या आधी मालकीची आहे : या प्रवाशाची जबाबदारी नेमकी कोणाची, हेच ठरलेले नाही.

मुंबईच्या उपनगरी रेल्वेसाठी १९९९ मध्ये मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन झाले, ज्यात रेल्वे मंत्रालयाचा वाटा ५१ टक्के आणि महाराष्ट्र शासनाचा ४९ टक्के आहे. त्यामुळे मुंबईत नवी मार्गिका हवी असेल तर पैसा कोणी आणि किती द्यायचा, याची घडी बसलेली आहे. कल्याण–आसनगाव चौथी मार्गिका त्याच व्यवस्थेतील एमयूटीपी ३अ मध्ये, म्हणजे मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या एका टप्प्यात, आहे. ही व्यवस्था सह्याद्रीच्या पायथ्याशी संपते. इगतपुरीपर्यंत मध्य रेल्वेचा मुंबई विभाग आणि त्यापुढे भुसावळ विभाग. नाशिकचा रोजचा प्रवासी या दोन्ही विभागांतून जातो, पण मुंबई विभागासाठी तो बाहेरगावचा असतो आणि भुसावळ विभागासाठी लांब पल्ल्याच्या वाहतुकीतला एक छोटा आकडा. उपनगरी प्रवासी म्हणून त्याची नोंद कोणाकडेच नाही, आणि नोंद नाही म्हणून त्याच्यासाठी स्वतंत्र तरतूदही नाही.

शहराच्या अंगानेही तेच घडले. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिक मेट्रो निओसाठी (रबरी टायरवर धावणाऱ्या मेट्रोसाठी) २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली, पण ती सेवा रस्त्यावर आली नाही. पुणे–नाशिक रेल्वेमार्ग नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे अडला आणि शिर्डीमार्गे नेण्याचा विचार पुढे आला. घोषणांची नाशिकला कमतरता नव्हती. ज्याला रोज जाब विचारता येईल, अशी संस्था मात्र एकदाही उभी राहिली नाही.

दरम्यान मनमाडच्या पलीकडे मोठी कामे मंजूर होत आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये ३०९ किलोमीटरच्या इंदूर–मनमाड नव्या मार्गाला १८,०३६ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली; त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जळगाव–मनमाड चौथ्या मार्गिकेला. दौंड–मनमाड दुहेरीकरणही त्याच दिशेने होत आहे. या सर्व मार्गांनी येणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याच मुंबईकडे वळणार आणि त्यांच्यासाठी मनमाड ते इगतपुरी दोनच रूळ असणार. नरसाळ्याचे वरचे तोंड रुंद करत जायचे आणि नळी तेवढीच ठेवायची, असा हा प्रकार आहे. कसारा–मनमाड तिसरी आणि चौथी मार्गिका हाच त्यावरचा उपाय आहे, आणि नाशिकच्या स्थानिक गाड्यांचे भवितव्यही तिच्यावरच अवलंबून आहे.

तिला वेळ किती लागेल, याचा अंदाज साध्या गणितावरून बांधता येतो. कसारा आणि इगतपुरी यांच्या उंचीत साधारण ३०० मीटरचा फरक आहे. बँकर लागू नयेत म्हणून नवा मार्ग १:१०० चढाने न्यायचा ठरवला, तर तेवढी उंची गाठायला किमान ३० किलोमीटर लांबीचा मार्ग लागतो. आज हेच अंतर सुमारे १४ किलोमीटर आहे. म्हणजे चढाला कसाऱ्याच्या बरेच अलीकडे सुरुवात करावी लागणार, लांब बोगदे खोदावे लागणार आणि शहापूर–इगतपुरी भागातील वनजमिनीची परवानगी मिळवावी लागणार. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि त्यात ७.७८ किलोमीटरचा जुळा बोगदा आहे. याच डोंगरात इतका लांब बोगदा होऊ शकतो, हे त्यातून दिसले. पण रस्त्याला जो चढ चालतो तो रेल्वेला चालत नाही, त्यामुळे रेल्वेचे काम अधिक लांबीचे आणि अधिक खर्चाचे होणार, हे मनाशी धरूनच चालायला हवे.

---

लहवीतकर

सर्वांचे मनापासून आभार. एक शंका उरते. नव्या मार्गिका झाल्याच, तरी त्या लांब पल्ल्याच्या आणि मालगाड्यांनीच भरून जाणार नाहीत, याची खात्री काय? आणि तोपर्यंतच्या वर्षांत, आहे त्या दोन रुळांवर, काहीच होऊ शकत नाही का?

---

सेक्शन कंट्रोल

आपली शंका रास्त आहे. मार्गिका वाढली म्हणजे स्थानिक गाडी वाढते, असे आपोआप होत नाही. मोकळी जागा दिसली की तिच्यावर पहिला हक्क मालवाहतुकीचा सांगितला जातो, कारण रेल्वेचे उत्पन्न तिच्यातून येते. पानेवाडीच्या तेल डेपोंतून निघणारे टँकर रेक, एकलहऱ्याचा कोळसा, लासलगाव–निफाड–खेरवाडीचा कांदा ही सगळी वाहतूक याच पट्ट्यातली आहे आणि ती आवश्यकही आहे. कांद्याचा रेक वेळेवर निघाला नाही तर नुकसान आपल्याच शेतकऱ्याचे होते. म्हणून स्थानिक गाड्यांसाठी सकाळी आणि संध्याकाळी ठरावीक वेळा वेळापत्रकातच राखून ठेवाव्या लागतील, आणि नव्या मार्गिकेच्या मंजुरीच्या कागदपत्रांतच तसे नमूद करून घ्यावे लागेल. नंतर मागून ते मिळत नाही.

आहे त्या दोन रुळांवरही काही प्रमाणात करता येईल. दोन स्थानकांच्या दरम्यान एका वेळी एकच गाडी, या पद्धतीऐवजी स्वयंचलित सिग्नल आले की एकामागून एक गाड्या कमी अंतराने सोडता येतात. लहवीत आणि अस्वलीसारख्या ठिकाणी लूप अशा रचनेची हवी की थांबत जाणारी गाडी लूपच्या फलाटावर प्रवासी घेत असतानाच मागची जलद गाडी मुख्य मार्गाने पुढे जाईल. म्हणजे थांबण्याचा वेळ वाया जाणार नाही. तिसरी गोष्ट रेक कुठे उभा ठेवायचा ही. सकाळी इगतपुरीहून आणि मनमाडहून गाडी सुटायची असेल, तर रेक रात्री तेथेच हवा, आणि त्याची देखभाल जवळपास कुठे तरी व्हायला हवी. २०२७ च्या सिंहस्थासाठी ओढा, देवळाली, खेरवाडी या स्थानकांचा विचार होतो आहे. तेथे होणारे जादा रूळ आणि फलाट कुंभमेळा संपल्यावर मोकळे पडणार आहेत. ओढ्याला मेमू रेक उभे करण्याची आणि किरकोळ दुरुस्तीची सोय आत्ताच, ते काम होत असताना, करून घेतली, तर सिंहस्थानंतर लगेच इगतपुरी–मनमाड फेऱ्या वाढवता येतील. नंतर तेच काम वेगळ्याने मंजूर करून घ्यायला पुन्हा कित्येक वर्षे लागतील.

---

घोटीकर

ओढ्याची सूचना फार महत्त्वाची आहे, आणि ती मांडण्याची वेळ आत्ताच आहे.

माझा प्रस्ताव असा आहे की आपण दोन स्वतंत्र निवेदने करावीत. पहिले भुसावळ विभागाच्या रेल्वे प्रवासी सल्लागार समितीसाठी : इगतपुरी–मनमाड मेमूच्या फेऱ्या, छोट्या स्थानकांचे फलाट उंच करणे, ओढ्याला रेकची सोय, आणि नाशिकरोडला गाडी येण्याच्या वेळेशी जुळणारी सिटीलिंक ही शहर बस. हा शेवटचा मुद्दा महापालिकेकडेही न्यावा लागेल, कारण स्थानकापासून सातपूर–अंबडची औद्योगिक वसाहत दूर आहे आणि तेथवर जाणारी बस चुकली तर गाडी वेळेवर येऊनही कामाची पाळी चुकते. दुसरे निवेदन मुंबई विभागासाठी : कसाऱ्याला येणाऱ्या लोकलच्या वेळा आणि घाटातून वर येणाऱ्या, नाशिकला थांबणाऱ्या गाड्यांच्या वेळा एकमेकींशी जुळवाव्यात आणि घाटायोग्य रेकच्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध करावेत. थेट लोकलची मागणी या दुसऱ्या निवेदनात राहील. तिच्यासाठी पहिले निवेदन अडून राहणार नाही.

निफाड, लासलगाव आणि मनमाडच्या सदस्यांनी आपापल्या स्थानकावरील फलाटांची आणि लूपची सद्यःस्थिती येथे लिहावी, म्हणजे मसुद्यात ती स्थानकवार घालता येईल. घोटी, पाडळी आणि अस्वलीची माहिती मी गोळा करतो. लहवीत आणि देवळालीची धागाकर्त्यांनी द्यावी.